ठ की ढ

"देश कुठला ते राहू द्या. आधी हे ठ आहे की ढ, तेवढं सांगा."

जुन्या तिकिटांच्या दुकानदाराने चष्मा कपाळावर सरकवला. आधी माझ्याकडे पाहिलं, मग चिमट्यात धरलेल्या टपाल तिकिटाकडे.

"काका, ही आपली लिपीच नाही. यात ना ठ, ना ढ."

"ते मलाही कळतं हो. दिसतंय कशासारखं, ते विचारतोय."

"पण अक्षरावर रेघ कुठाय?"

"घाईत लिहिणारे कुठे देतात रेघ?" मी म्हणालो. हे वाक्य खरं तर माझ्या बायकोचं.

आमचं लाँड्रीचं दुकान. मुलगी नुकती शाळेत जायला लागली होती, तेव्हा एका शर्टाच्या खिशातून हे तिकीट धुऊन निघालं. गिऱ्हाईक म्हणालं, टाकून द्या. बायकोने ते दोन रुमालांच्या मध्ये ठेवून कोमट इस्त्रीने सपाट केलं आणि टेबलावरच्या काचेखाली सरकवलं. निळ्या शाईतला डोंगर, त्याच्यावर लांबट ढग, डोंगराच्या पायथ्याशी पाण्यात पडलेलं त्याचं प्रतिबिंब. कोपऱ्यात इंग्रजी आठ. तळाशी दोन जाड अक्षरं. दुसरं अक्षर ग, यावर आमचं एकमत होतं. पहिलं ती ठ म्हणायची, मी ढ.

"चित्रात ढग आहे, म्हणून खाली ढग लिहिलंय."

"तिकीट आहे की बालवाडीचं पुस्तक? ते देशाचं नाव आहे. ठग."

"देशाचं नाव ठग?"

"निदान खरं सांगतात बिचारे."

कपडे न्यायला आलेल्यालाही ती काचेवर बोट ठेवून विचारायची. किराणावाला माझ्या बाजूचा, शाळेतल्या बाई तिच्या. दुसऱ्याचा शर्ट आपला म्हणून कोणी हुज्जत घातली, की तो गेल्यावर ती म्हणायची, "हा त्या तिकिटावरच्या देशातला." दवाखान्यात बोलताना तिला धाप लागायची, तेव्हा मी मुद्दाम "ढग" म्हणायचो. ती नुसतं बोट हलवून नाही म्हणायची.

ती गेल्यावर काही दिवसांनी दुकान पुन्हा उघडलं. इस्त्री करता करता काचेखाली नजर जायची. वाद होता तिथेच होता, पण घालायला मी एकटा. याचा एकदा निकाल लागावा, आणि तो तिच्या बाजूने लागावा, एवढंच मला हवं होतं.

दुकानदाराने भिंग लावलं आणि बराच वेळ आठाच्या आकड्याकडेच बघत राहिला.

"आठाचं वरचं पोट लहान असतं, खालचं मोठं. इथे मोठं पोट वर आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे काका, तुम्ही तिकीट उलटं धरलंय."

त्याने चिमटा फिरवला. आम्ही प्रतिबिंब समजत होतो तो खरा डोंगर निघाला. आमचा डोंगर पाण्यातला. ढग म्हणजे एक चपटी होडी, आत वल्हं मारणारा माणूस. अक्षरं वर गेली आणि कशासारखीच दिसेनात. त्याने देशाचं नाव सांगितलं. मी दोनदा विचारलं. जिना उतरेपर्यंत ते डोक्यातून गेलं होतं.

घरी मुलगी आलेली होती. आईच्या साड्यांच्या घड्या घालत बसली होती. मला बघून उठली, चहाला पाणी ठेवायला स्वयंपाकघरात गेली आणि तिथूनच ओरडली, "काय निघालं, बाबा?"

मी चपला काढल्या आणि स्वयंपाकघराच्या दारात आलो. तिकीट खिशात होतं.

"ठ," मी म्हणालो.

"काय सांगता! म्हणजे आई जिंकली?"

"जिंकली."

"आणि तुम्ही इतकी वर्षं उगाच तिच्याशी डोकं लावत होता."

"उगाच."

"अहो, आता तिने तुमची काय पिसं काढली असती! सगळी गल्ली गोळा केली असती." ती मोठ्याने हसली. हसता हसता तिने माझ्याकडे पाठ केली आणि नळ सोडला. ओट्यावर सगळी भांडी सकाळीच घासून पालथी घातलेली होती. त्यातलंच एक पातेलं घेऊन ती पुन्हा घासायला लागली.

मी गॅस बारीक केला आणि पुसायचं फडकं घेऊन तिच्या शेजारी उभा राहिलो.