आसरांचा टिळा आणि हवेचा स्क्रू

बोट पाण्याच्या मधोमध बंद पडली आणि काठावरच्या शे-दीडशे माणसांनी हात जोडले. कुणाच्या हातात नारळ, कुणाच्या हातात मोबाइल. बोटीच्या टोकाशी मोटारबाबा उभे राहिले. अंगावर भगवी कफनी आणि कफनीवर नारिंगी लाइफ जॅकेट, कारण जलदेवतांशी रोजची बोलचाल असली तरी बाबांना पोहता येत नव्हतं. त्यांनी दोन्ही हात वर करून साती आसरांना नावानं हाका मारल्या. शेवटची दोन नावं रोज बदलत, पण ते कुणी मनावर घेत नसे. मग ते पेट्रोलच्या लाल टाकीपाशी वाकले. झाकण फिरवलं. झाकणाखालून 'सूंऽऽ' असा आवाज आला.

"ऐका," बाबा म्हणाले, "आसरा निघाल्या."

त्यांनी चिमूटभर अंगारा टाकीवर धरला, झाकण घट्ट लावलं आणि अंगदला खूण केली. अंगदनं इंजिनाची दोरी दोनदा ओढली. इंजिन धडधडलं. काठावरून जयजयकार उठला.

मी त्या बोटीतच होतो. काजळवाडीच्या शाळेत मी मुलांना विज्ञान शिकवतो, राहतो मंठ्याला आणि रोज या बोटीनं ये-जा करतो. खोटं कशाला सांगू, तो 'सूंऽऽ' ऐकून माझ्याही अंगावर काटा आला.

धरणाच्या पाण्यात जुनी काजळवाडी बुडाली, तेव्हा गाव वर माळावर आलं. रस्त्यानं मंठ्याकडे जायचं तर सगळ्या पाण्याला वळसा. बोटीनं वीस मिनिटांत पैलतीर. बोट मच्छीमार सोसायटीची, चालवायचा अंगद. पण इंजिन सांभाळायची त्याची बायको, दैवशालाताई.

तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. मेकॅनिक जालन्याहून यायचा म्हणजे आठ-आठ दिवस वाट बघायची. कंटाळून तिनं इंजिनाबरोबर आलेली पुस्तिका काढली. पुस्तिका इंग्रजीत. मग पुतणीला, आकांक्षाला, जवळ बसवून ती पानन् पान वाचून घेतली आणि वहीत आपल्या अक्षरात उतरवली. तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी अंगणात गोणपाट अंथरून ती इंजिन उघडायची. प्लग काढून काजळी खरडायची. पेट्रोलची जाळी धुवायची. खालचा स्क्रू ढिला करून गिअरचं ऑइल बोटावर घ्यायची. ते ताकासारखं पांढरं दिसलं तर आत पाणी शिरलं समजायचं. पंख्याच्या दांड्यात गुंतलेले जाळ्याचे धागे तर ती डोक्यातल्या उवा काढाव्यात तसे काढायची. दोन वर्षांत ते इंजिन एकदाही वाटेत थांबलं नव्हतं.

मग जानेवारीत मोटारबाबा आले. पहिल्या दिवशी ते साधे उतारू होते, टाकीला टेकून बसलेले. शेजारी कडूबा तात्या, गावातले वडीलधारे. बाबांनी विचारलं, इथं खाली काय आहे. तात्यांनी सगळं सांगितलं: मधोमध जुन्या गावची विहीर, विहिरीवर साती आसरांचं ठाणं, धरण भरलं तेव्हा देवीला शेवटचा निवदही दाखवता आला नाही. दहा मिनिटांनी नेमकी त्याच जागी बोट बंद पडली. बाबांनी डोळे मिटून सांगितलं, "खाली विहीर हाय. आसरा उपाशी हायत." तात्या थक्क झाले. परक्या माणसाला विहिरीचं कसं कळलं, हे पुढचे आठ दिवस ते गावभर विचारत होते.

त्या दिवशी बाबांनी झाकण उघडून अंगारा दाखवला, बोट चालू केली आणि झाकणावर शेंदराचा जाडजूड गोळा थापला. हा आसरांचा टिळा. तो मोडला तर बोट विहिरीत जाईल. टिळा असूनही बोट रोज थांबायची, कारण आसरांचा राग सात पिढ्यांचा होता. थांबली की सोडवायला बाबा हवेतच. त्यामुळे ते प्रत्येक फेरीला बोटीत असत आणि प्रत्येक जेवणाला गावात.

इथवर सगळी गंमतच होती. पण एका शुक्रवारी बाबांनी रागाचं कारण शोधून काढलं. म्हणाले, इंजिनाला बाईचा हात लागलाय. आसरांना ते खपत नाही. यापुढं बाईनं इंजिनाला शिवायचं नाही आणि बोटीत पाय ठेवायचा नाही. सात बहिणी एका विहिरीत सुखानं राहतात, त्यांना आठवी बाई वीस मिनिटं का सोसत नाही, हे मी विचारून पाहिलं. बाबा हसले. म्हणाले, मास्तर, हे पुस्तकात नसतं.

गावानं ऐकलं. बाजाराला निघालेल्या बाया काठावरून परत फिरल्या. दैवशालाताईचे पान्हे, ब्रश, वही, सगळं माळ्यावर गेलं. सगळ्यात वाईट म्हणजे बारावीच्या पाच मुलींचं कॉलेज बंद झालं. ते मंठ्यात, आणि गुरुवारी त्यांची प्रॅक्टिकलची परीक्षा. आकांक्षा त्यातलीच.

मी पारावर उभा राहून अर्धा तास भाषण केलं. वैज्ञानिक दृष्टिकोन, संविधान, सगळं आणलं. कडूबा तात्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "सर, तुमचं समदं बराबर. पण मंग बोट बंद काहून पडती?"

 मी खाली बसलो.

रविवारी दुपारी मी अंगदच्या घरी गेलो, आकांक्षाला रस्त्यानं नेता येईल का ते बोलायला. अंगद चोरासारखा मागच्या दारानं आला. हातात ताडपत्रीत गुंडाळलेली पेट्रोलची टाकी. तिचा नळीचा जोड गळायला लागला होता आणि तो बसवणं त्याला जमत नव्हतं. त्यानं टाकी बायकोपुढं ठेवली आणि दाराला कडी लावली.

दैवशालाताईनं जोड बसवला. मग सवयीनं पेट्रोल पांढऱ्या फडक्यातून गाळायला घेतलं. बाबा रोज अंगारा टाकतो, म्हणजे तळाशी राखेचा गाळ असणार, जाळी तुंबणार, असं ती पुटपुटत होती. पेट्रोल गाळून झालं. फडकं तिनं उन्हात धरलं. फडकं स्वच्छ होतं. कण नाही की डाग नाही.

तिनं फडकं उलटून दुसरी बाजूही पाहिली.

"किती दिवस झाले त्याला राख टाकून?"

"ईस-बावीस," अंगद म्हणाला. "रोज दोन बार तर व्हतंच."

"मंग चाळीस चिमट्या गेल्या कुठं?" आणि आमच्याकडे वळून ती हळूच म्हणाली, "हा नुसता हात फिरवून राह्यला. टाकत न्हाई. पेट्रोलमधी राख पडली तर इंजिन खलास होतं, हे त्याला ठावं हाय. ज्याला एवढं ठावं हाय, त्याला इंजिन कळतं."

मला एकदम हुरूप आला. मी पुढं सरकलो. तिनं अंगदला विचारलं, बोट बंद पडते तेव्हा नळीतला रबरी फुगा कसा असतो. पेट्रोल पुढं ढकलायला नळीत मूठभर फुगा असतो, तो एरवी भरलेला असायला हवा. अंगदला आठवलं, तो चोखलेल्या आंब्यासारखा चपटा होतो. ताईनं नखानं टिळ्याची कड उचलली. आकांक्षानं माळ्यावरून वही काढून आणलीच होती. पान चौथं: इंजिन सुरू करण्याआधी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू सैल करा.

तो स्क्रू बोट आणली त्या दिवशी सैल केला होता आणि मग त्याची आठवण कुणालाच उरली नव्हती. आता तो शेंदराखाली गच्च आवळलेला होता.

दैवशालाताई हसायला लागली. पदर तोंडात धरून हसली, डोळ्यांतून पाणी येईतो हसली. अंगद म्हणाला, आत्ता काढून टाकू. तिनं मान हलवली.

"आज काढला तर लोक म्हन्तील टिळा मोडला. ऱ्हाऊ द्या. गुरुवारी समद्यायपुढं काढू."

आणि तिनं शेंदूर होता तसा परत लिंपला.

बुधवारी रात्री मी गावातच राहिलो. गुरुवारी सकाळी सातलाच काठावर गर्दी होती. पाचही मुली दप्तरं घेऊन एका बाजूला उभ्या. बाबा आले, जॅकेट चढवलं, टोकाशी बसले. अंगदनं बायकोच्या सांगण्यावरून टाकी गळ्यापर्यंत भरून आणली होती. बोट निघाली आणि दुसऱ्याच मिनिटाला बंद पडली. धुणं धुणाऱ्या बायांच्या दगडापासून हाकेच्या अंतरावर.

बाबा चमकले. पण उभे राहिले, म्हणाले, आज आसरा सामोऱ्या आल्या. हाका, झाकण, 'सूंऽऽ', दोरी. बोट सुरू झाली. दोन मिनिटांत पुन्हा बंद. पुन्हा हाका. पुन्हा दोन मिनिटं. चौथ्या खेपेला काठावरची पोरं एका सुरात मोजायला लागली. पाचव्या खेपेला बाबांचा आवाज बसला आणि सात आसरांपैकी चौघींनाच निमंत्रण गेलं. अंगदनं बोट माघारी वळवली.

दैवशालाताई पान्हा घेऊन गुडघाभर पाण्यात उतरली. कुणी अडवायच्या आत तिनं मोठं झाकण काढून टाकीतलं बरंचसं पेट्रोल कॅनमध्ये ओतलं, पाव टाकी ठेवली, झाकण लावलं. टिळ्याला हात लावला नाही. अंगदला म्हणाली, आता जा.

बोट निघाली. विहिरीची जागा जवळ आली तसे बाबा सवयीनं उभे राहिले, हात वर केले आणि पहिलं नाव घेतलं. बोट थांबली नाही. विहीर मागं पडली. बाबा हात वर घेऊन तसेच पुढं चालले, जणू एसटीला हात केला आणि एसटी न थांबता गेली. अंगदनं बोट परत फिरवली, ती पुन्हा विहिरीवरून आली, आणि काठ अगदी जवळ आल्यावर बंद पडली. बाबांनी या खेपेला आसरांना हाक मारली नाही. ते टाकीकडे बघत होते, मग पाण्यात पान्हा घेऊन उभ्या असलेल्या बाईकडे. त्यांना कळलं होतं.

बोट वल्ह्यानं काठाला आणली. दैवशालाताईनं आवाज न चढवता विचारलं, "बाबा, टाकी भरली की आसरा काठावर. टाकी रिकामी की विहिरीच्या पल्याड. मंग त्या पाण्यात राह्यत्यात का पेट्रोलमधी?"

आधी एक म्हातारी हसली. मग सगळा काठ.

तिनं टिळा खरवडला. खालचा स्क्रू सगळ्यांना दाखवला. मग बायांकडे वळून विचारलं, तेलाच्या डब्याला भोकं किती पाडता. दोन, बाया म्हणाल्या. का दोन? एकच पाडलं तर तेल गुटगुट करतं अन् थांबतं; दुसऱ्यातून हवा गेली की धार लागते. "हे दुसरं भोक," ती म्हणाली. "बाबानं बुजवलं. पेट्रोल जातं तशी आत पोकळी होते, इंजिनाला ओढून येत न्हाई. झाकण उघडलं की हवा घुसती. सूं. त्याच आसरा." भरल्या टाकीत हवा थोडी, म्हणून लगेच अडतं, रिकाम्या टाकीत हवा जास्त, म्हणून उशिरा. एवढंच.

कडूबा तात्या पाण्यात उतरले. म्हणाले, पाहू दे. त्यांनी स्वतःच्या हातानं स्क्रू दोन आटे सैल केला. दोन्ही हातांनी टाकी हलवून बघितली, काहीतरी अजून निघेल म्हणून. मग मुलींना म्हणाले, "बसा गं पोरीहो. जल्दी. पेपराला उशीर व्हईन."

पाच मुली, बाजाराच्या सहा बाया आणि मी असे बसलो. इंजिनावर दैवशालाताई. आकांक्षा टाकीला टेकून, वही मांडीवर. बाबांनाही आम्ही घेतलं, कारण गावातून लवकर निघून जायची वाट तीच होती आणि त्यांना घाई होती. विहीर आली तेव्हा सगळ्या जणींनी बोटीची कड धरली. इंजिन एकसारखं धडधडत राहिलं. विहीर गेली. मग कुणीतरी गाणं धरलं आणि बोट त्या तालावर हलायला लागली, इतकी की बाबांनी जॅकेटचा पट्टा आवळला.

पैलतीर जवळ आला तसं बाबांना राहवेना. मान तिरकी करून ते मघापासून इंजिन ऐकत होते. शेवटी कुणाकडेही न बघता म्हणाले, "ताई, पेट्रोल जास्त पिऊन राह्यलं. कार्बोरेटरचा स्क्रू पाव आटा आवळा."

ताईनं इंजिन मंद केलं, स्क्रू पाव आटा आवळला. आवाज साफ झाला. बोटीच्या इंजिनावर एवढा कान कुठं तयार झाला, असं तिनं विचारलं. दुसऱ्या एका धरणावर सात वर्षं मेकॅनिक होतो, ते म्हणाले. मग हे कशाला? बाबा जॅकेटचा पट्टा सोडायला लागले. काठ लागताच उतरले, जॅकेट काढून घडी करून बोटीत ठेवलं आणि रस्त्याला लागले.

मुलींची परीक्षा दहाला होती. त्या साडेनऊला पोचल्या. आता दर पंधरा दिवसांनी ताईच्या अंगणात गोणपाटाभोवती सात-आठ जणी बसतात आणि प्लग, जाळी, ऑइल स्वतःच्या हातानं बघतात. कडूबा तात्याही येऊन बसतात. त्यांचा प्रश्न बरोबर होता, हे मी त्यांना सांगितलं. 'बोट बंद का पडते' हे विचारण्यात चूक नव्हती. चूक होती ती पहिलं मिळालेलं उत्तर घेऊन घरी जाण्यात. जे यंत्र, जे शरीर, जे पाणी रोज आपल्या वापरात आहे, त्याचं झाकण एकदा स्वतः उघडून पाहा. कुणी झाकणावर टिळा लावून 'हात लावू नका' म्हणाला, तर आधी तिथंच पाहा.