झोळीत घातलेली पोर

माझा बाप मिसरहून, म्हणजे इजिप्तहून, जी पत्रं पाठवायचा, त्यांत म्हशीची खुशाली ठरलेली. म्हैस व्याली का, दूध किती देते, शिंगाची जखम भरली का. आजोबांची विचारपूस असायची, माझी असायची, बैलांचीसुद्धा असायची. फक्त माझ्या आईची नसायची.

लढाईचे दिवस होते. आमच्या रोहतककडच्या गावातली निम्मी तरणी माणसं पलटणीत गेलेली. पत्र आलं की दुकानदार लाला बनवारी ते चौपालीवर, म्हणजे गावच्या चावडीवर, उभा राहून मोठ्याने वाचायचा. गावात लिहिता-वाचता येणारा तो एकटाच, उत्तरंही तोच लिहायचा, त्यामुळे काय तो त्याचा तोरा! पुरुष हुक्का ओढत ऐकायचे, बायका भिंतीआडून. आईचं नाव भरतो. "भरतो, तुझ्या नवऱ्याचा जीव म्हशीवरच दिसतो गं!" असं म्हणून शेजारणी आईला चिडवायच्या. आई घुंगटाआड हसायची आणि घरी येऊन शेणी थापताना रडायची. मी बघितलंय ना! दोन वर्षं झाली, चार पत्रं आली, नवऱ्याने एका शब्दाने विचारलं नाही, हेच तिला खात होतं. वाचून झालेली पत्रं मात्र ती पेटीत तळाशी जपून ठेवायची.

अशात आमच्या गावात स्वामी धैर्यानंद आले. पूर्वाश्रमीचे पहिलवान. भगव्या कफनीत मावायचे नाहीत असे खांदे, आणि हसले की तळ्यापलीकडे ऐकू जायचं. आल्या आल्या त्यांनी कुणाला प्रवचन दिलं नाही. आधी तळ्यातला गाळ उपसला, मग दोन आजारी बैल बरे केले, आणि मग तळ्याकाठी एकटेच विटा थापायला बसले.

"स्वामीजी, मंदिर बांधताय का?" लोकांनी विचारलं.

"नाही रे बाबांनो. मुलींची शाळा."

लोक आधी हसले. खरंच बांधतोय म्हटल्यावर मात्र हसू आटलं.

आईने मला हळूच बोलावलं, चारही पत्रं माझ्या ओढणीत बांधली आणि म्हणाली, "रिसालो, स्वामीजींना म्हणावं एवढं वाचून द्या. त्यांत माझ्याबद्दल काही आहे का, तेवढंच विचार. आणि कुणाला बोललीस तर बघ."

मी गेले. स्वामीजींचे हात कोपरापर्यंत चिखलात. त्यांनी पत्रांकडे ढुंकूनही बघितलं नाही.

"दुसऱ्याच्या घरची पत्रं संन्याशाने कशाला वाचायची? आईला सांग, तिची पोर वाचेल. मी पोरीला शिकवीन."

मला असा राग आला! एवढं दोन मिनिटांचं काम, तेसुद्धा करेनात. आईला निरोप सांगितला, तर तिने माझ्या ओढणीतली पत्रं सोडून पुन्हा पेटीत तळाशी ठेवली.

इकडे चौपालीवर माझ्या आजोबांनी, म्हणजे चौधरी हरद्वारींनी, निकाल देऊन टाकला. "जी पोर त्या शाळेत जाईल, तिच्या घराचं हुक्का-पाणी बंद. मग ते घर कुणाचंही असो!" आमच्याकडे हुक्का-पाणी बंद म्हणजे माणूस जिवंतपणी मेला. त्याच्याबरोबर कुणी हुक्का ओढणार नाही, त्याच्या दारचं पाणी कुणी पिणार नाही. आजोबा शब्दाचे इतके पक्के की एकदा बोलले म्हणजे संपलं.

हे ऐकून स्वामीजी म्हणाले, "ठीक आहे. मग मीही आजपासून पिठाची भिक्षा घेणार नाही. घेईन तर पोरीच घेईन."

झालं! रोज सकाळी ते दारोदार उभे राहायचे. बायका पीठ घेऊन बाहेर यायच्या, स्वामीजी झोळी मिटून घ्यायचे. "पीठ नको, माई. पोर दे, दुपारपर्यंत परत आणून देतो." असे तीन दिवस गेले. साधू आपल्या दारातून उपाशी जातोय म्हणून बायकांची झोप उडाली. आणि हा बाबा उपाशीपोटी भजनं गात विटा थापतोय!

चौथ्या दिवशी ते आमच्या दारी आले. आजोबा ओट्यावर हुक्का घेऊन बसलेले.

"भिक्षा वाढ, माई!"

आजोबा सुनेशी सरळ बोलायचे नाहीत, तशी आमच्याकडे रीतच नाही. त्यांना जे सांगायचं असेल ते दारातल्या म्हशीला सांगायचे आणि आईने समजून घ्यायचं. "काय गं," ते म्हशीला म्हणाले, "साधूला पीठ घाल म्हणावं, आणि वाटेला लाव म्हणावं."

आई बाहेर आली. घुंगट छातीपर्यंत ओढलेला. तिच्या हातात परात नव्हती, माझं मनगट होतं. तिने स्वामीजींच्या झोळीचं टोक माझ्या मुठीत दिलं आणि माझी मूठ वरून घट्ट दाबली.

"भिक्षा पोचली!" स्वामीजी गरजले.

आजोबा ताडकन उठले. "ए, पोरीला सोड!"

"सोडतो की. चौधरी, तुमच्या सात पिढ्यांत या दारातून दिलेली भिक्षा कुणी परत घेतली असेल तर एक नाव सांगा, आत्ता सोडतो."

आजोबा पुन्हा ओट्यावर बसले. नाव कुठून आणणार? स्वामीजी मग आईकडे वळून अगदी मवाळ आवाजात म्हणाले, "माई, पोर मिळाली. आता चार बाजरीच्या रोट्याही घाल बाई. चार दिवस झाले गं!"

आईने सहा घातल्या, वर हे एवढं लोणी.

आता खरी गंमत झाली. आजोबांनी स्वतःच दिलेला निकाल! दुसरा कुणी असता तर काहीतरी पळवाट काढली असती. आजोबांनी नाही काढली. ते चौपालीवर गेले, आपला हुक्का उचलला, "माझ्या घराचं हुक्का-पाणी बंद," एवढंच म्हणाले आणि घरी येऊन बाजेवर एकटे बसले. इकडे चौधरी नाही म्हणून चौपाल ओस, तिकडे सोबत नाही म्हणून आजोबांच्या हुक्क्याला चव नाही. दिवसभर म्हशीला ऐकवायचे, "या घरात काही बायकांना शिंगं फुटलीत!" आई चारा टाकता टाकता म्हशीलाच सांगायची, "फुटली तर फुटली, दूध तर वेळेवर मिळतंय ना?" म्हैस बिचारी दोघांकडे आळीपाळीने बघायची.

पण चौधरीच्या सुनेने पोर दिली म्हटल्यावर बाकीच्यांना बळ आलं. प्रत्येक घरात पलटणीतलं एकेक पत्र पडलेलं होतंच की! आठवड्याभरात अकरा घरांनी पोरी दिल्या, महिन्याभरात जवळजवळ सगळ्यांनीच. म्हणजे सगळ्या गावाचं हुक्का-पाणी बंद! मग एक दिवस गावातले वडीलधारे ताऊ नेकीराम आमच्या ओट्यावर येऊन म्हणाले, "चौधरी, मीही वाळीत, तूही वाळीत. वाळीतल्यांनी एकत्र बसू नये असं कुठे ठरलंय?" आजोबांनी बराच विचार केला. मग हुक्क्याची नळी त्यांच्यापुढे सरकवली. संध्याकाळपर्यंत चौपाल भरली. पोरगी न दिलेला लाला बनवारी तेवढा आपल्या दुकानात एकटा बसला होता.

शाळा कसली, विटांच्या चार भिंती आणि वर गवत. स्वामीजी धुळीत बोटाने अक्षरं काढायचे आणि आम्ही ती गिरवायचो. चुकलो की ओरडायचे नाहीत, स्वतःच दहा बैठका मारायचे. त्यांच्या बैठका बघायला मिळाव्यात म्हणून मी सुरुवातीला मुद्दाम चुकायची. मग एकदा वाटेत आईने विचारलं, "अजून किती दिवस गं?" त्यानंतर मी मुद्दाम चुकले नाही.

फाल्गुनात एके दुपारी आईने पेटी उघडली. अंगणात आम्ही दोघीच. भिंतीपलीकडे आजोबा म्हशीला पाणी दाखवत होते. मी बोट ठेवून अक्षर अक्षर लावत पहिलं पत्र वाचलं. म्हैस, बैल, शेजारी, सगळं होतं तसंच. मग खाली आणखी एक ओळ निघाली, लालाने कधीच न वाचलेली.

"रिसालोच्या आईच्या पायात मी निघालो त्या दिवशी काटा मोडला होता, तो निघाला का?"

आईने घुंगट मागे टाकला. अंगणात तिचं तोंड उघडं मी पहिल्यांदाच बघितलं.

दुसऱ्या पत्रात होतं, "काट्याचं कळवलं नाहीत." तिसऱ्यात, "रिसालोच्या आईची तब्येत बरी आहे ना?" आणि चौथ्यात, "रिसालोच्या आईचा एकही निरोप येत नाही. ती माझ्यावर रागावली आहे का?"

नंतर लालाला जाब विचारला तर म्हणतो कसा, "सासऱ्यासमोर सुनेच्या गोष्टी कशा वाचायच्या? मला लाज नाही का?" लाज म्हणे! दोन वर्षं माझी आई रडली आणि तिकडे वाळवंटात माझा बाप झुरला, त्याची लाज नाही वाटली मेल्याला. मी त्याला आजतागायत माफ केलेलं नाही.

त्या दुपारी मात्र भिंतीपलीकडे आजोबा खाकरले. "चल गं," ते म्हशीला म्हणाले, "आपण तळ्यावर जाऊ. इथे आपलं काही काम नाही."

आई रडली, हसली, पुन्हा रडली. शेवटची ओळ तिने माझ्याकडून अकरा वेळा वाचून घेतली. मग पदराने तोंड पुसलं आणि स्वामीजींनी दिलेला कोरा कागद माझ्यापुढे ठेवला.

"लिही. काटा त्याच दिवशी निघाला म्हणावं. रागावले नाही म्हणावं. आणि हे बघ रिसालो, म्हशीबद्दल एक अक्षर लिहू नकोस."