तिसरं कलम

फिटरने लिफाफा फाडला तेव्हा त्याच्या अंगठ्याचा काळा ठसा आतल्या कागदावर उमटला. त्याने तो बाहीने पुसायला घेतला, तर ठसा आणखीच पसरला.

"राहू द्या," पलंगावरची बाई म्हणाली. "वाचता आल्याशी कारण. तुम्हीच वाचून दाखवा. औषधांनी डोळ्यांपुढे अक्षरं मुंग्यांसारखी पळतात."

ती टपाल वाटायची. सोळा वर्षं एकाच भागात, निम्मं स्कूटरवर, निम्मं पायी. दीड महिन्यापूर्वी उताराच्या रस्त्यावर समोरून आलेला मोठा ट्रेलर जोडाशी दुमडला. पुढचं इंजिनाचं तोंड, ज्याला ड्रायव्हर लोक घोडा म्हणतात, ते एकीकडे वळलं आणि मागचा लांबलचक सांगाडा मिटत्या चाकूच्या पात्यासारखा फिरून सबंध रस्ता झाडत आला. तिची स्कूटर भिंत आणि लोखंड यांच्यात सापडली. आता उजवा पाय मांडीपासून घोट्यापर्यंत सळ्यांच्या चौकटीत होता. फिटर खोलीत आल्यापासून खिडकीकडे बघत होता, कपाटाकडे बघत होता, त्या पायाकडे मात्र नाही.

"चहा ठेवलाय," तिची सासू दारातून म्हणाली. "साखर किती?"

"नको, आजी."

"नको म्हणणाऱ्यांना मी दोन चमचे घालते." आणि ती आत गेली.

हे असं होणार म्हणूनच ट्रेलरच्या कंपनीच्या मॅनेजरने त्याला धाडलं होतं. "वकील गेला तर बाई सावध होईल," तो म्हणाला होता. "तू जा. तुझं तोंडच असं आहे की लोक आपणहून पाणी विचारतात. सही घ्यायची आणि यायचं. तिलाही बरं, आपल्यालाही बरं."

"तुम्ही अवघडू नका हो," बाई म्हणाली. "मीही जन्मभर लिफाफेच पोचवलेत. आतली बातमी वाईट निघाली म्हणून लोक आम्हांला शिव्या देतात. आणणाऱ्याचा काय दोष?"

फिटरने घसा खाकरला आणि वाचायला सुरुवात केली. पहिल्या कलमात रक्कम होती, एकदाच मिळणारी. दुसऱ्यात, यापुढे कंपनीवर कसलाही दावा करणार नाही, असं होतं. तो एका दमात वाचत गेला. पुढे त्याची नजर एका ओळीवर अडखळली आणि खाली घसरली.

"चौथं कलम. सदर अपघात चालकाच्या अतिवेगामुळे झाला असून..."

"तिसरं राहिलं."

"अं?"

"दोनानंतर चार म्हणालात. घरांचे नंबर वाचण्यात जन्म गेलाय माझा, मधलं एक गाळलेलं कळतं मला."

सासूने चहाचा कप त्याच्या हाताशी आणून ठेवला. वाफेआडून त्याने वाचलं, तेही इतक्या हळू आवाजात की बाईला मान पुढे करावी लागली.

"सदर वाहनाच्या ब्रेकची त्याच दिवशी सकाळी रीतसर तपासणी झाली होती व ते सुस्थितीत होते, हे मला मान्य आहे. तपासणीसाच्या सहीचा तक्ता सोबत जोडला आहे."

"मला कसं मान्य असेल? मी कुठे बघायला गेले होते?" बाई हसली. "कुणी तपासले?"

फिटरने कागदाची घडी घातली, परत उलगडली.

"सही कुणाची आहे, एवढं तरी सांगा."

"माझी."

"म्हणजे बघितले होतेत तुम्ही."

"नाही."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

मग त्याने सांगितलं. सांगण्यासारखं फार नव्हतंच. त्या सकाळी ड्रायव्हर त्याच्याकडे आला होता. म्हणाला, मागचा सांगाडा ब्रेक धरत नाही, घोड्याला ढकलतो, जरा आवळून दे. वीस मिनिटांचं काम. पण त्यासाठी गाडीखालच्या तपासणीच्या खड्ड्यात उतरायचं, तर तिथे ओल होती, आदल्या दिवसापासून कंबर धरलेली होती. तो म्हणाला, एवढी खेप मारून ये, उद्या बघू. आणि चहाचा घोट घेता घेता तक्त्यावरच्या सगळ्या चौकोनांत बरोबरच्या खुणा केल्या. कुणी धमकावलं नव्हतं, कुणी लाच दिली नव्हती. कंटाळा आला होता, बस. अपघातात ट्रेलरची मागची चाकं पार चेपली, त्यामुळे लोखंड काही सांगू शकलं नाही. चौकशीत बोलला तो फक्त तक्ता.

"आणि मी तुला चहा पाजतेय!" सासूने समोरचा कप उचलला. थोडा चहा त्याच्या गुडघ्यावर सांडला, पण चटका बसूनही तो हलला नाही. "ऊठ. नीघ इथून."

"आई, थांबा."

"काय थांबा? अगं, ह्याने..."

"ऐकलं मी, आई." बाईचा चेहरा पांढरा पडला होता. तिने चादरीची कड मुठीत धरली, सोडली, पुन्हा धरली. मग फिटरकडे न बघता म्हणाली, "हे मला का सांगितलंत?"

"राहवलं नाही."

"म्हणजे तुम्हांला हलकं वाटावं म्हणून."

त्याने कागद परत लिफाफ्यात घातला.

"आमच्या संघटनेने वकीलबाई दिली आहे. ती म्हणाली, ड्रायव्हर चुकला असला तरी भरपाई हा माझा हक्कच आहे, घाईने सही करू नका. पण गाडीच नादुरुस्त होती आणि मालकाच्या माणसांना ते ठाऊक होतं, हे आतलं कुणी बोललं तर खटल्याचं तोंडच फिरेल. वर हेही म्हणाली, की आतलं कुणी बोलत नसतं. आज मी सही करणार होते. दमलेय मी. आणि तो ड्रायव्हर येऊन पाया पडून गेला ना. रडला. वेग जास्त होता, माझीच चूक, म्हणाला."

"तो असं म्हणाला?"

"हेच म्हणाला. तुमचं नावही काढलं नाही त्याने."

फिटर उठला. दाराशी पोचला तेव्हा मागून तिचा आवाज आला.

"माझ्या या खोलीत बोलून काही होणार नाही. बोलायचं तर जिथे लिहून घेतात तिथे बोला."

ड्रायव्हर आपल्या घराच्या पायरीवर मटार सोलत बसला होता. लायसन्स जप्त झाल्यापासून बायको कामाला जाई आणि तो स्वयंपाक बघे. फिटरला बघून त्याने फक्त थोडं सरकून जागा केली.

"मला सांगितलं होतंस ते पोलिसांना का नाही बोललास?" फिटरने उभ्यानेच विचारलं.

"बोलून काय होणार होतं? तू म्हणालास उद्या बघू, मी म्हणालो बरं. बरं म्हणायला मला कुणी बंदूक लावली होती?" त्याने एक शेंग दाबून फोडली. "गाडी ढकलतेय हे कळत असून मीच काढली ती बाहेर. वाटलं, उतरेन हळूहळू. तुझ्या नोकरीची दोन वर्षं राहिलीत. दोघांनी बुडून काय मिळणार?"

"वेग होता का?"

"नव्हता रे. चाळीसही नव्हता."

"मग तुझ्या या मोठेपणापायी त्या बाईचं वाटोळं होतंय."

ड्रायव्हरचे हात थांबले. फिटरने त्याला वकीलबाईंचं म्हणणं सांगितलं, जसं ऐकलं होतं तसंच. ऐकून झाल्यावर ड्रायव्हर बराच वेळ भांड्यातल्या हिरव्या दाण्यांत बोटं फिरवत राहिला.

"मला वाटलं, भलं करतोय," तो म्हणाला.

वकीलबाई वयाने फिटरच्या मुलीएवढी होती आणि तिच्या टेबलावर फायलींच्या ढिगात अर्धवट खाल्लेलं सफरचंद होतं. तिने कसलीही सहानुभूती दाखवली नाही, त्यामुळे त्याला बोलणं सोपं गेलं. तिने नेमके प्रश्न विचारले. खड्ड्यात उतरायला किती वेळ लागतो? तक्ता कुठे बसून भरता?

"मॅनेजरच्या टेबलावर. सगळेच तक्ते तिथे भरतो आम्ही."

"गाडीजवळ न जाता?"

"हो."

"तो बघत असतो?"

"समोरच बसलेला असतो. घाई करा, एवढंच म्हणतो."

ती भराभर लिहीत गेली. मग लिहिलेलं त्याच्याकडे सरकवलं. त्याने चष्मा लावून बोट ठेवत ठेवत वाचलं आणि एका जागी बोट थांबवलं.

"इथे तुम्ही 'तपासणी अपुरी झाली' असं घातलंय."

"तुमच्यासाठी सौम्य लिहिलंय. आपल्याला तेवढं पुरतं."

"अपुरी नाही. झालीच नाही."

"तसं लिहिलं तर तुमच्यावरही गुन्हा दाखल होऊ शकतो. नोकरी तर जाईलच."

"लिहा."

तिने पेन उचलून त्याच्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. मग तो शब्द खोडला.

नोकरी चौथ्या दिवशी गेली. ड्रायव्हरनेही आपला जबाब बदलला. कंपनीच्या वकिलाने दोघांना खोटारडे ठरवायला सुरुवात केली; दोघं दारूचे सोबती होते, असंही कुठूनसं निघालं, तेव्हा फिटरच्या बायकोने कपाळाला हात लावला आणि म्हणाली, पेग कशाशी खातात हे ज्याला माहीत नाही त्याला बेवडा केला. खटला उभा राहिला. निकालाला वेळ होता. घरी कडी वाजली की फिटर अजून दचकायचा. कधीही पोलीस येतील, असं त्याला वाटे. आले नव्हते. ते न येणंही त्याला टोचत होतं.

थंडी सरता सरता एका रविवारी सकाळी तो पुन्हा त्या घरापाशी गेला. का, ते त्याला सांगता आलं नसतं. माफी मागायची म्हटलं तर ती कशी मागतात हे त्याला अजून कळलं नव्हतं. हातात काही नेलं नव्हतं. नेण्यासारखं काही सुचलंही नव्हतं.

दार सासूने उघडलं. तिने त्याला पायांपासून वर डोक्यापर्यंत बघितलं.

"आता काय आणलंस?"

"काही नाही, आजी."

ती तशीच उभी राहिली. आतून काठी टेकल्याचा आवाज आला आणि त्यामागोमाग जड, फरफटलेलं पाऊल.

"चौकट काढली परवा," सासू खालच्या आवाजात म्हणाली. "चालायला शिकतेय. बोलू नकोस, मध्ये बोललं की तिचा पावलांचा आकडा चुकतो आणि मग पहिल्यापासून सुरू करते, हट्टी आहे." आणि दार न लोटता ती आत गेली.

फिटर उंबऱ्याशीच राहिला. बोळाच्या टोकाला भिंतीचा आधार सोडलेली पाठ त्याला दिसत होती, घामाने भिजलेली.

"अकरा," ती म्हणाली. "बारा."

मग ती थांबली. काठी थरथरली. बराच वेळ काहीच झालं नाही. फिटरचे हात नकळत पुढे झाले होते, ते त्याने मागे घेतले, आणि या खेपेला त्याने नजर त्या पायावरून हलवली नाही.

"तेरा."