आईची नळी

खुब्याचं ऑपरेशन झालं आणि आईची लघवीची नळी एक-दोन दिवसांत निघणार होती. फिजिओथेरपीची मुलगी तिला वॉकर धरून उभी करायला लागली होती, म्हणजे नळीचं काम संपलेलं. दिवसा मी, रात्री धाकटी, अशी आम्हा बहिणींची पाळी. पण नळी काही निघेना. रोज सकाळी आई कुरकुरायची, "टोचतंय गं मेलं." मी तिलाच समजवायची, "डॉक्टरांनी ठेवलीय म्हणजे काहीतरी कारण असेल." अगदी शहाण्यासारखी.

मग एका दुपारी आई थंडीनं कुडकुडायला लागली, अंग भाजत होतं. लघवीच्या तपासणीचा रिपोर्ट आल्यावर डॉक्टर मला खोलीबाहेर घेऊन गेले.

"नेहमीची औषधं या जंतूंवर चालत नाहीयेत," ते म्हणाले. "एक उरलंय, तेही किडनीला जड. वय, आधी झालेली अँटिबायोटिक्स, हे होतंच. त्यात नळी जितकी राहते तितका धोका वाढतो. तुम्ही ती ठेवायचा आग्रह का धरलात?"

"मी?"

डॉक्टरांनी शेजारी उभ्या सिस्टरकडे बघितलं. सिस्टर ओशाळली. "मी पहाटे काढायला आले होते. धाकट्या ताई म्हणाल्या, मोठ्या ताईंचा निरोप आहे, राहू दे. मला वाटलं, तुमचं बोलणं झालं असेल सरांशी."

"मला विचारायचं होतं, सिस्टर," डॉक्टर म्हणाले. ती मान खाली घालून गेली.

संध्याकाळी धाकटी जिन्याजवळ सापडली. काही लपवलंही नाही तिनं.

"अगं, नळी काढली की रात्रभर उठवणार ती. भांडं द्या, पुसा, चादर बदला. सकाळी मला ऑफिस."

"मला सांगायचंस. मी थांबले असते रात्री."

"थांबलीच असतीस! आणि पुढं जन्मभर ऐकवलं असतंस."

तेवढं खोटं नव्हतं.

"पण माझं नाव का घेतलंस?"

"माझं कोण ऐकतं इथं?" ती म्हणाली आणि रडायला लागली. नेहमीसारखी, माझ्या आधी.

आईला वेगळ्या खोलीत हलवलं होतं. आत जाताना गाऊन, हातमोजे. नळी निघाली होती आणि नवं औषध थेंब थेंब चढत होतं. मी कपाळावर हात ठेवला तर आई म्हणाली, "तिला बोलू नकोस. मीच म्हटलं होतं, राहू दे नळी."

"टोचत होती ना तुला?"

"एवढं काही नाही."

रोज सकाळी माझं डोकं खाणारी हीच बाई. छताकडे बघत होती. धाकटीनं माझं नाव पुढं केलं ते एक वेळ पचवलं असतं. पण तिला वाचवताना आईनं हिशेबात मला धरलंच नाही, हे घशाखाली उतरेना.

पुढच्या दिवसांत ताप उतरत गेला. किडनीचं मात्र डॉक्टर अजून छातीठोक सांगत नव्हते. मी चमच्यानं पाणी पाजत होते. आईनं दोन घोट घेतले, माझ्या खांद्यावरून दाराकडे बघितलं.

"धाकटी आली नाही?"

मी बाहेर येऊन फोन लावला. "ये. आई विचारतेय."

"तू रागावलीयस?"

"हो," मी म्हटलं. "हात धुऊन ये."