बिननावाची घागर

दान देणारा निघून जातो आणि घेणारा मागे उरतो. अशा वेळी घेणाऱ्याने दात्याचे स्मरण करावे, की दिलेल्या वस्तूचे रक्षण करावे? दोन्ही करावे, असे कोणीही सांगेल. परंतु सावद्याच्या कौतिक भाऊंच्या आयुष्यात असा एक वैशाख आला, की त्यांचे स्मरणच रक्षणाच्या आड उभे राहिले.

कौतिक भाऊ केळीचे बागाईतदार. दीड वर्षापूर्वी मुंबईच्या एका रुग्णालयात त्यांची निकामी झालेली फुप्फुसे काढून एका मृत माणसाची बसवली गेली. तो कोण, कुठल्या गावचा, हे कोणी सांगितले नाही. तसा नियमच होता. घरी परतल्यावर भाऊंचे जीवन घड्याळाला बांधले गेले. सकाळी आठ आणि रात्री आठ, त्याच गोळ्या. पाणी उकळलेले. बाहेर पडताना मास्क. ओल्या पाल्याच्या बुरशीचे भय म्हणून बागेत पाऊल टाकायचे नाही, आणि औषधांनी रक्तातले पोटॅशियम चढते म्हणून केळेही वर्ज्य. "सावद्यात राहून केळं नाही," भाऊ हसून म्हणत, "म्हणजे गंगेकाठी बसून कोरडी संध्या."

रोज सकाळी एका लहानशा यंत्रात जोराने फुंकायचे आणि आलेला आकडा वहीत लिहायचा. आकडा दहा टक्क्यांनी उतरला, तर त्याच दिवशी रुग्णालयातील मोहिनीताईंना फोन करायचा, अशी सक्त ताकीद होती. वर्षभर तो दोन-साठवर, म्हणजे दोन पूर्णांक साठ लिटरवर, स्थिर राहिला.

चैत्र सरत आला तशी भाऊंना तहान लागू लागली. ती घशात नव्हती. बरगड्यांच्या आत, खोल कुठेतरी होती. तांब्याभर पाणी पिऊनही ती भागत नसे. दुपारी उशीवर कान टेकला की स्वतःच्या श्वासाखाली दुसरा एक श्वास ऐकू येई, किंचित मागे रेंगाळणारा. जणू शेजारच्या खोलीत कोणी पाठ फिरवून निजले आहे. आणि आकडा उतरू लागला. दोन-पन्नास. दोन-चाळीस. दोन-तीस.

भाऊ वहीत दोन-साठच लिहीत राहिले.

त्यांच्या मनाने एक ठरवून टाकले होते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलेल्यांची तहान भागावी म्हणून घरोघरी पाण्याची घागर भरून पुजतात. आत आलेल्या या पाहुण्याची घागर कोणी भरली नसेल. तहानलेला तोच आकडा खाली ओढतो आहे. हे डॉक्टरांना काय सांगायचे? आखाजी तोंडावर आली होती. घागर भरली की सारे निवेल.

त्यांनी शेजारच्या तोताराम आबांना विचारले, "आबा, नाव माहीत नसलं तर घागर भरता येते का?"

"भरता येते," आबा म्हणाले. "पण आगारी टाकताना हाक कोणाला मारशील? हाक चुकली तर भलताच दारात येतो, बाबा."

आगारी म्हणजे पेटत्या गोवरीवर तूप आणि पुरणपोळीचा घास ठेवून पितरांना नावाने बोलावणे. आखाजीच्या दिवशी पत्नी सुगंधाबाईंनी धुराच्या भीतीने गोवरी लांब अंगणात ठेवली आणि भाऊंना बंद खिडकीच्या काचेआड बसवले. भाऊंनी आतून वडिलांचे नाव घेतले, आजोबांचे घेतले. मग पाहुण्यासाठी भरलेल्या नव्या घागरीची पाळी आली, आणि ओठांवर नावच आले नाही.

अंगणात पानही हलत नव्हते. तरीही भाऊंनी श्वास घेतला तसा धूर काचेकडे झुकला. त्यांनी सोडला तसा मागे सरला. पुन्हा घेतला, पुन्हा झुकला. भाऊंनी श्वास रोखून धरला.

धूर थांबला नाही. तो तसाच झुकत राहिला, सरत राहिला, धाप लागलेल्या माणसासारखा.

सुगंधाबाई आत आल्या तेव्हा भाऊ पांढरेफटक पडले होते. त्यांनी भाऊंच्या पाठीला कान लावला. आत बारीक करकर वाजत होती. त्या माहेरच्या पिंपळनेरच्या. मन हलले की अहिराणीवर येत.

"काय लपाडी ऱ्हायनात तुम्ही?"

भाऊंनी वही पुढे केली आणि लपवलेले खरे आकडे सांगितले. तहान सांगितली, दुसरा श्वास सांगितला. सुगंधाबाई हसल्या नाहीत.

"घागर मरेल माणूसनी भरतस," त्या म्हणाल्या. "हाऊ ते तुमना आंगमा जित्ता शे. दम निंघत नही म्हनीसन हाका मारी ऱ्हायना तो, आनि तुम्ही त्याले पानी दाखाडतस. त्याले डाक्टर जोयजे."

आत जिवंत असलेल्याला पाणी नव्हे, डॉक्टर हवा, हे पटून भाऊंनी मोहिनीताईंना फोन लावला.

"किती दिवसांपासून?" मोहिनीताईंनी विचारले.

"अठरा."

"आजचीच गाडी धरा, भाऊ. आणि येताना आकडे आणा. खरे."

तपासणीत उलगडले की भाऊंचे शरीर परक्या फुप्फुसांना नाकारू लागले होते. पाहुणा घराला पीडत नव्हता. घरच पाहुण्याला बाहेर ढकलत होते. तीन दिवस शिरेतून औषध गेले. आकडा हळूहळू दोन-पंचेचाळीसवर येऊन थांबला. उरलेले परत येणार नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. ती तहान मात्र गेली.

बारा दिवसांनी दोघे घरी परतले. बिननावाची घागर जागेवरच होती. वरचे झाकण हलले नव्हते, आणि आत थेंबभर पाणी उरले नव्हते. मातीची घागर, वैशाखाचे ऊन, आटले असेल. सुगंधाबाईंनी ती पुन्हा भरली.

आता सकाळी यंत्र तोंडाशी नेण्यापूर्वी भाऊ थोडे थांबतात. त्यांच्या श्वासाआधी छातीत एक बारीकसा श्वास हलतो, तो येऊ देतात. मग फुंकतात, जो आकडा येईल तोच लिहितात, आणि वही मिटून हात जोडतात.

"बाबा रे, तू ज्या घरचा, त्या घरात कोणी तहानलेले राहू नये. तुझ्या माणसांना शांत झोप लागो. आणि तू आहेस तिथे, माझ्याजवळ, सुखाने राहा."