गंगापूर रोडवरची कायमची अक्षय्यतृतीया

काळ कुणासाठी थांबत नाही, असं थोर माणसं सांगून गेली आहेत. ही माणसं नाशिकच्या गंगापूर रोडला कधी आलेली दिसत नाहीत. इथे हिरामणभाऊंच्या ड्रॉइंगच्या ऑफिसात काळ २९ एप्रिल १९९८ रोजी थांबला होता, आणि २००२चा जून उजाडला तरी जागचा हलला नव्हता.

त्याचं असं झालं. यंत्रांची ड्रॉइंगं काढायचं सॉफ्टवेअर भाऊंनी तीस दिवस वापरून बघायला म्हणून आणलं आणि अक्षय्यतृतीयेला नारळ फोडून सुरू केलं. तिसावा दिवस जवळ आला तशी त्यांनी संगणकाची तारीख मागे नेली. कुठल्या दिवसावर न्यायची, हा प्रश्नच नव्हता. अक्षय्यतृतीयेला सुरू केलेलं क्षय पावत नाही. सॉफ्टवेअरही पावलं नाही. पुढे रोज सकाळी उदबत्ती लावायची, तारीख मागे घ्यायची आणि मग कामाला बसायचं, असा ऑफिसात ड्रॉइंगं काढणाऱ्या मोहिनीचा नेम झाला.

ऑफिसला त्याची एक गुंगी चढली. खिडकीतलं ऊन कायम वैशाखाचं वाटे. जुलैत कोपऱ्यात छत्र्या निथळत असताना कुणीतरी आमरसाचा विषय काढी. कामं वेळेत होत, कारण वेळ सरतच नसे. मोहिनी बाविसाव्या वर्षी नोकरीला लागली होती आणि पडद्यासमोर बसली की अजून बाविसाचीच असे. घरी स्थळं बघणाऱ्या तिच्या आईचं मत वेगळं होतं.

मग मोहिनीने कांद्याची प्रतवारी करणाऱ्या यंत्राचं ड्रॉइंग काढलं. पहिल्यांदाच सगळं तिच्या स्वतःच्या डोक्यातलं. देवळ्याच्या कांदेवाल्या झिपरूअण्णांना ते पसंत पडलं. पण प्रत्येक कागदावर आडवं 'फक्त चाचणीसाठी' छापून येई, आणि वर्कशॉपवाला तसला कागद हातात धरेना.

"मशीनवर बी हेच लिवून येणार का?" अण्णांनी विचारलं.

भाऊंनी जड मनाने लायसन्स विकत घेतलं. मोहिनीने त्याचा नंबर टाकला. संगणकाने नाकारला. सात वेळा. अण्णा समोरच बसले होते.

"चारला माझी जीप हाय. तवर कागद भेटला तर ठीक, नायतर दुसऱ्याकडनं दुसरं मशीन काढून घेतो."

म्हणजे मोहिनीच्या यंत्राचं आयुष्य चारपर्यंत. तिने कंपनीच्या पुण्याच्या मदतकेंद्राला फोन लावला.

"मॅडम, मशीनवरची तारीख बरोबर आहे का?"

"चांगली आहे."

"चांगली म्हणजे?"

"अक्षय्यतृतीया. अठ्ठ्याण्णवची."

तिकडे कीबोर्डवर खटखट झाली.

"मॅडम, तुमचं लायसन्स परवा निघालंय. तुमच्या मशीनच्या मते ते अजून जन्माला यायचंय. आजची तारीख लावा."

मोहिनीने ते सांगताच भाऊंनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं.

"आज अमावास्या आहे."

"मग?" मोहिनीने विचारलं.

"मग काय मग! चार वर्षांच्या अक्षय्यतृतीयेतून थेट अमावास्येत उडी? उद्या करू."

"उद्या मी नाय इथं," अण्णा म्हणाले. "आन् भाऊ, कांद्याला आखाजी, तुमची ती अक्षय्यतृतीया, समजत नाय. कांदाचाळीत पडून ऱ्हायला का सडतो. आमी शेतकरी मान्सं, अमावास्या-बिमावास्या काय मानत नाय."

मोहिनीने भाऊंकडे न बघता सालाशेजारचा बाण दाबला. नव्व्याण्णव. दोन हजार, खिडकीतला गुलमोहर दोनदा फुलून गळला. दोन हजार एक; भाऊंच्या कानशिलावर पांढरं आलं. दोन हजार दोन; खुर्चीवरून न उठता मोहिनी सव्वीस वर्षांची झाली. मग तिने महिना आणि दिवस लावला. बाहेर ढग भरून आले होते. कधीपासून, कोण जाणे.

तिने नंबर टाकला. संगणकाने मुकाट्याने घेतला.

प्रिंटर कुरकुरला आणि कागद आला, स्वच्छ. आडवं काही नाही. खाली कोपऱ्यात मोहिनीचं नाव, त्याखाली आजची तारीख. तिने नावावरून हळूच बोट फिरवलं आणि कागद अण्णांच्या हाती दिला.

अण्णांनी तो उजेडात धरला, डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. खाली जीपचा हॉर्न वाजला. ते उठेनात. पुन्हा वाजला.

"लय ब्येस झालं, ताई," ते खालच्या आवाजात म्हणाले. "तेवढी खालची तारीख फकस्त आखाजीची करून देता का?"