दार कसं लावलं

शिंपीणबाईंनी दार असं आपटलं की स्वयंपाकघरातले पेले मांडणीवर किणकिणले.

"अँग्रिली!" दाराकडे पाठ करून ओट्याशी बसलेल्या बाई आतूनच म्हणाल्या.

बाहेरच्या खोलीत हशा पिकला. शिंपीणबाईंना मात्र बेल वाजवून आत यावं लागलं. लॅचचं दार ते. एकदा लागलं की बाहेरच्यानं किल्ली लावावी, नाहीतर आतल्याला उठवावं.

"बाई, न बघता कसं ओळखता हो तुम्ही?"

"कान आहेत की. कोणी जातं, एवढं क्रियापद सांगतं. ते कसं गेलं, ते सांगायला हे शब्द. चला, पुढचा कोण?"

दुपारच्या इंग्रजीच्या शिकवणीला तिघं यायची. शिंपीणबाई, शाळेच्या बसचे ड्रायव्हर आणि परदेशी नोकरीची स्वप्नं बघणारी एक नर्स. नामं झटपट झाली, क्रियापदंही उरकली, पण क्रियाविशेषणांशी येऊन बाईंची गाडी जी अडली ती अडलीच. रोज हाच खेळ. एकेकानं बाहेर जाऊन दार लावायचं, रागानं, घाईनं, दुःखानं, आणि बाईंनी शब्द ओळखायचा.

"माझा हात राग आणि घाई दोन्हीला एकच पडतो," ड्रायव्हर कुरकुरले. "परीक्षेत काय दारच विचारणार आहेत का?"

बाई हसल्या नाहीत. त्यांची परीक्षा वेगळीच चालली होती, आणि ती या तिघांना ठाऊक नव्हती.

दोन वर्षांपूर्वी याच ओट्याशी लेकीची आणि त्यांची जुंपली होती. दुसऱ्या गावच्या नोकरीवरून सुरू झालेलं भांडण शब्दाला शब्द लागून भलतीकडेच गेलं. "जायचं तर जा," बाई म्हणाल्या आणि पाठ फिरवून भांडी घासू लागल्या. मागे दाराचा आवाज झाला. लेक कोपऱ्यापर्यंतच पोहोचली. रस्ता ओलांडताना तिला ट्रकनं उडवलं, जागीच संपली.

तेव्हापासून तो आवाज या घरात राहायला आला होता. भांडी घासताना यायचा, डोळा लागता लागता यायचा. ती गेली, एवढं बाईंना कळलं होतं. रागानं गेली, रडत गेली, की कायमची म्हणून गेली? तिची किल्ली दाराजवळच्या खिळ्यालाच राहिली होती. ती बघितली की बाईंना वाटायचं, कायमचीच.

धप्.

बाईंचा हात ओट्यावर थिजला. मऊ, बोदा आवाज, आणि त्यामागून लॅचचा खटका नाहीच. तोच. अगदी तोच.

"कोणता शब्द होता हा?" त्या ओरडल्याच.

"कुठला शब्द, बाई?" शिंपीणबाई गोंधळल्या. "नर्सताई खाली गेल्यात, गाडीला पाण्याची बाटली राहिली म्हणून. त्यांचा डाव अजून यायचाय."

बाई बाहेरच्या खोलीत आल्या. दाराला बोटभर फट होती. जिन्यावर चपला वाजल्या आणि खांद्यानं दार ढकलत नर्स आत आली.

"तू आत्ता दार कसं लावलंस?"

"लावलं कुठं? नुसतं लोटलं." ती ओशाळली. "लगेच यायचं होतं ना. लॅच लागलं असतं तर तुम्हाला उठावं लागलं असतं. आमच्या घरी मी असंच करते, किल्ली कोण शोधत बसणार? आई ओरडते त्यावरून."

बाईंनी खिळ्यावरच्या लेकीच्या किल्लीकडे पाहिलं.

त्या दिवशीही दाराला बोटभर फटच होती. ओल्या हातांनी बाहेर येऊन बाईंनी ती पाहिली होती, किल्लीही पाहिली होती. दार नीट लावायचीही तसदी घेतली नाही कार्टीनं, असं म्हणून तळहातानं दार रेटलं होतं. खट्. लॅच लागलं होतं. तो दुसरा आवाजही त्यांना पाठ होता. त्याचा शब्द मात्र त्यांनी कधी कोणाला विचारला नव्हता.

"बाई, बरं वाटत नाहीये का?" नर्सनं त्यांचा दंड धरला.

"आज इथंच थांबू या," बाई म्हणाल्या. "दाराचा खेळ झाला. उद्या नवा धडा घेऊ."

"सुटलो!" ड्रायव्हर म्हणाले आणि बाईंचा चेहरा पाहून खाली बघत वही आवरू लागले. वह्या पिशव्यांत गेल्या. सगळ्यांत शेवटी शिंपीणबाई निघाल्या. बाहेर पडून त्यांनी सवयीनं दार ओढून घ्यायला हात घातला.

"राहू द्या," बाई म्हणाल्या. "नुसतं लोटून घ्या."

बाई परत ओट्याशी जाऊन बसल्या, दाराकडे पाठ करून. थोड्या वेळानं वाऱ्यानं दार जरासं करकरलं. त्यांनी वळून पाहिलं नाही. एकेक पेला उचलून त्या पुसू लागल्या, हळू, आवाज न करता.